चाल तीच, गळा दुसरा

जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तके ज्यांनी हाताळली असतील, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट राहिली असेल. पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात राग आणि ताल दिलेला असे, आणि त्याच्या शेजारी ‘चाल’ असा शब्द लिहून पुढे दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याचे दोन-तीन शब्द छापलेले असत. कधी ते शब्द हिंदी बंदिशीचे, कधी कानडी पदाचे, कधी लावणीचे, तर कधी जुन्या कीर्तनातले. नाटककार त्या एका ओळीत मोकळेपणाने सांगून टाकत असे, की बाबांनो, शब्द माझे आहेत. सूर मी अमुक घरून आणले आहेत.

आज माझ्या शाळेतली नववी-दहावीची मुले ‘कव्हर’ हा शब्द सहज वापरतात. दुसऱ्याचे गाजलेले गाणे आपण पुन्हा आपल्या गळ्याने गायचे, त्याला ते ‘कव्हर’ म्हणतात. आणि विजेची वाद्ये बाजूला ठेवून साध्या लाकडी गिटारीवर ते गायले, तर त्याला ‘अनप्लग्ड’ म्हणतात. ही काहीतरी नवी, पाश्चात्त्य टूम आहे असे त्यांना वाटते, आणि त्यांच्या पालकांनाही तसेच वाटते. इतिहास मात्र निराळे सांगतो. एकाचे गाणे दुसऱ्याने गाणे हाच आपल्या गाण्याचा राजमार्ग आहे. त्या मार्गावरचे काही महत्त्वाचे टप्पे एका बाजूला बेळगाव-धारवाडच्या मुलखात आहेत आणि दुसऱ्या बाजूला आमच्या इंदूर-देवासच्या माळव्यात. या दोन टोकांच्या मराठी घरांत एक साम्य आहे. उंबऱ्याच्या आत एक भाषा आणि बाहेर दुसरी. म्हणून हा इतिहास आपण सर्वांनी मिळून वाचण्याजोगा आहे.

गुर्लहोसूर, धारवाड आणि इंदूर

मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. जन्म १८४३ चा. योगायोग असा, की त्याच साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, आणि त्याची प्रेरणाही उत्तर कानडा भागातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची होती. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. त्यातील पदांच्या चाली पाहिल्या, तर अण्णासाहेबांनी कुठलेच दार वर्ज्य मानले नव्हते असे दिसते. कीर्तनातली साकी-दिंडी, लावणी, कानडी पदे, हिंदुस्थानी चिजा, सगळ्यांना त्यांनी मराठी वेश चढवला. कानडी मुलखात वाढलेल्या माणसाच्या कानात या सगळ्या चाली एकत्र नांदत होत्या. एकभाषी माणसाला हे इतके सहज साधले असते की नाही, याची मला शंका आहे.

किर्लोस्कर मंडळी होळकरांच्या इंदुरातही येत असे. इथे मराठी भाषिक सरदार, कारकून, भिक्षुक, शिक्षक अशी मोठी वस्ती होती, आणि दरबारात उत्तरेकडचे नामवंत गवई-वादक नोकरीला होते. या मंडळीत भास्कर बखले नावाचा एक गोड गळ्याचा मुलगा होता. जन्म १८६९ चा, बडोद्याकडच्या कठोर गावचा. इंदूरच्या मुक्कामात थोर बीनकार बंदे अली खाँ यांनी त्याचे गाणे ऐकले आणि त्याला आपला शागीर्द केले. मराठी नाटकातला पोऱ्या आणि हिंदुस्थानी बीनकार यांची गाठ या शहरात पडली, ही घटना मला आमच्या शहराच्या इतिहासात फार मोलाची वाटते. पुढे आवाज फुटल्यावर मुलाची नाटक मंडळी सुटली. मग बडोद्यात फैज महंमद खाँ, नंतर नत्थन खाँ, नंतर अल्लादिया खाँ अशी घराण्यांची दारे ठोठावत तो ‘गायनाचार्य भास्करबुवा’ झाला. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी काही काळ संगीत शिकवले, तेव्हा कर्नाटकाच्या या टोकाशीही त्यांचे नाते जडले.

१० डिसेंबर १९१६ रोजी खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. चाली भास्करबुवांच्या होत्या आणि रुक्मिणी बालगंधर्वांची. ज्या चिजा बुवांनी उस्तादांच्या पायाशी बसून घेतल्या होत्या, त्याच आता मराठी शब्द लेवून उभ्या राहिल्या. त्याआधी १९११ च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंबे यांनी ठुमरी-कजरीच्या वळणाच्या पूरबी चाली आणल्या होत्या, आणि १९१९ च्या ‘एकच प्याला’साठी सुंदराबाई जाधव यांनी काही चाली पुरवल्या.

इथे एक बारकावा सांगितला पाहिजे. चाल उचलणे सोपे नसते. ब्रज भाषेतल्या बंदिशीत जोडाक्षरे थोडी आणि स्वर मोकळे असतात. ‘आ’कारावर, ‘ए’कारावर गवई हवा तितका रेंगाळू शकतो. खाडिलकरांच्या पदांत संस्कृत वळणाची जोडाक्षरे ठासून भरलेली. तीच चाल या शब्दांवर बसवताना कुठे श्वास घ्यावा, कुठे अक्षर दाबावे, कुठे ओढावे, हे सगळे नव्याने ठरवावे लागते. परक्या भाषेतून आलेली चाल मराठीत नांदायला लागली, की ती थोडी बदलतेच. बालगंधर्वांची थोरवी अशी, की त्या जोडाक्षरांतूनही त्यांनी स्वराची धार अखंड वाहती ठेवली. साथीला अहमदजान थिरकवा यांचा तबला, कादरबक्ष यांची सारंगी आणि ऑर्गन. आज ज्याला ‘अनप्लग्ड’ म्हणतात ते तेव्हा रोजचेच होते. ध्वनिवर्धकाच्या मदतीवाचून शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा गळा हेच नटाचे भांडवल होते.

तबकडी आली आणि ‘मूळ’ गाणे जन्माला आले

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले आणि हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाचे युग सुरू झाले. एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. रात्रभर चालणारे गाणे त्या चिमुकल्या वर्तुळात कोंबावे लागे. पण तबकडीने केलेला मोठा बदल वेळेचा नव्हता. तोपर्यंत कोणत्याही पदाचे ‘मूळ’ गाणे असे कुठे ठेवलेलेच नव्हते. गंधर्व स्वतः काल जे गायले ते आज तसेच गात नसत. ‘वन्स मोअर’ मिळाला की तेच पद दर वेळी निराळ्या अंगाने खुलत असे. तबकडीने त्यांपैकी एका दिवसाचे, एका घटकेचे गाणे पकडून ठेवले, आणि तेच ‘खरे’ गाणे ठरले. ‘मूळ’ ठरले तेव्हाच ‘नक्कल’ ही गोष्टही ठरली. समोर ताडून पाहायला नमुना असल्याखेरीज बरहुकूम नक्कल कशी करणार?

या तबकड्यांनी खेड्यापाड्यांत घराण्यांची दारे उघडली, हेही तितकेच खरे. बेळगावजवळच्या सुळेभावी गावात ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हा कानडी मुलगा सात-आठ वर्षांचा असताना त्या काळच्या नामांकित गवयांच्या तबकड्या ऐकून, त्यातल्या हरकती-मुरक्यांसकट, जसेच्या तसे गाऊन दाखवू लागला. लोक थक्क झाले. एका लिंगायत मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटले आणि तेच नाव जन्मभर राहिले. आजच्या भाषेत बोलायचे, तर हिंदुस्थानी संगीतातला विसाव्या शतकाचा सर्वांत बंडखोर गवई ‘कव्हर’ गाणारा बालकलाकार म्हणून प्रसिद्धीस आला.

इंदूरच्या पलीकडे निमाडात खंडवा आहे. तिथला एक मुलगा इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकला. त्याच्या डोक्यात सैगलखेरीज काही नसे. १९४८ च्या ‘जिद्दी’ चित्रपटात त्याने गायलेले गाणे ऐकले तर सैगलच गात आहेत असा भास होतो. सचिनदेव बर्मन यांनी त्याला समजावले, की ही सावली सोड आणि स्वतःच्या आवाजात गा. तो मुलगा म्हणजे किशोरकुमार. नकलेपासून सुरुवात करण्यात कमीपणा नाही. भाषा शिकणारे मूलही आधी आईच्या ओठांची नक्कलच करते. प्रश्न पुढे काय, हा आहे.

देवासचे दिवस

सुळेभावीच्या मुलाला १९३६ च्या सुमारास मुंबईत प्रा. बा. र. देवधर भेटले. देवधर मूळचे मिरजेचे, विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य आणि सर्व घराण्यांकडे खुल्या मनाने पाहणारे. पाश्चात्त्य संगीताचाही त्यांनी अभ्यास केला होता. नकला करून टाळ्या मिळवणाऱ्या मुलाला त्यांनी विचार करायला लावले. अमुक गवई इथे अशी जागा का घेतो, हा प्रश्न त्याच्या मनात रुजवला. शिक्षक म्हणून मला देवधरांचे हे काम फार थोर वाटते. उतारा घडाघड पाठ म्हणणारा विद्यार्थी परीक्षेत पहिला येतो. त्याला ‘आता तुझ्या शब्दांत सांग’ म्हणणे आणि मग तो अडखळत असताना धीर धरणे, हे शिकवण्यातले अवघड काम आहे.

मग क्षयरोग आला. हवापालटासाठी कुमारजी १९४८ साली इंदूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या देवासला आले. गाण्याला डॉक्टरांची मनाई. काही वर्षे बिछान्यावर पडून, खिडकीबाहेरून येणारी माळव्याची लोकगीते, बाजारातले आवाज, भिक्षा मागत जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने ऐकत राहायचे, एवढेच हाती होते. पुढे स्ट्रेप्टोमायसिनसारख्या औषधाने आजार हटला, पण एक फुप्फुस कायमचे निकामी झाले. १९५२-५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा गाणेच बदललेले होते. लांब पल्ल्याची दमदार तान आता शक्य नव्हती. छोटे छोटे स्वरपुंज, मध्येच एकदम वर झेपावणारी हाक, आणि दोन स्वरांमधली शांतता. देहाच्या अडचणीतून एक नवी शैली उभी राहिली. लोकधुनांतून त्यांनी नवे राग शोधले, आणि स्वतःच्या बंदिशींचे ‘अनूपरागविलास’ हे पुस्तक १९६५ साली प्रसिद्ध झाले.

अशा गवयाने ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या नावाचा कार्यक्रम केला. या नावातला एकेक शब्द तोलून पाहावा. ‘बालगंधर्वांची पदे’ असे नाव त्यांनी दिले नाही. ‘मला’ म्हणजे दुसऱ्या कोणाला ते निराळे उमजले असतील. ‘उमजलेले’ म्हणजे केवळ ऐकलेले, आठवणारे किंवा पाठ केलेले नव्हेत. गंधर्वांच्या गाण्याचा मुख्य गुण म्हणजे स्वराची न तुटणारी धार, आणि कुमारांकडे तर तुटक श्वास. नक्कल करायला गेले असते, तर पहिल्या ओळीतच हसे झाले असते. ज्याने वयाच्या आठव्या वर्षी कोणाचीही हुबेहूब नक्कल करून दाखवली होती, त्याने इथे ती विद्या गुंडाळून ठेवली. गंधर्व एखाद्या शब्दाकडे कोणत्या भावाने जातात, लयीत कुठे झोका घेतात, समेवर किती सहजपणे उतरतात, हे त्यांनी हेरले आणि ते आपल्या गळ्याला झेपेल अशा रीतीने मांडले. ती पदे ऐकताना गंधर्व आठवतात आणि कुमारही विसरता येत नाहीत. चांगल्या पुनर्गायनाची कसोटी मला तरी यापेक्षा दुसरी सापडलेली नाही.

आता चालीचा प्रवास पाहा. इंदुरात बंदे अली खाँ यांच्यापाशी बसलेले भास्करबुवा, त्यांच्या चालींतून घडलेली बालगंधर्वांची रुक्मिणी, त्या गाण्याचा मागोवा घेणारा बेळगावकडचा कानडी मुलगा, आणि त्याचे घर इंदूरच्या वाटेवरच्या देवासात. चाल फिरून पुन्हा माळव्यातच आली. या साखळीतल्या एकाही माणसाने मागच्याचे गाणे जसेच्या तसे ठेवले नाही, आणि म्हणूनच ते पुढे पोचले.

आणखी काही आवडती उदाहरणे

माझ्या वैयक्तिक आवडीच्या यादीत दुसरे नाव वसंतराव देशपांडे यांचे आहे. मास्टर दीनानाथांचे गाणे म्हणजे वीज. ‘मानापमान’मधल्या धैर्यधराची पदे त्यांनी पंजाबी ढंगाच्या आक्रमक हरकतींनी अशी काही गायली, की ती त्यांचीच होऊन बसली. वसंतरावांनी ती पदे गाताना दीनानाथांचा आवेश घेतला, पण आपली कोटीबाज, प्रश्न विचारणारी बुद्धीही त्यात घातली. पुढे १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये अभिषेकीबुवांनी चाली दिल्या आणि वसंतरावांनी खाँसाहेब उभा केला. काळाचे चक्र असे, की तीच पदे त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी रंगभूमीवर आणि २०१५ च्या चित्रपटात पुन्हा गायली. एका पिढीचे स्वतंत्र गाणे पुढच्या पिढीचे ‘कव्हर’ होते, ते असे.

तिसरे नाव अर्थातच लताबाईंचे. दीनानाथांची ही थोरली कन्या २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदुरात जन्मली. १९९२ साली त्यांनी ‘श्रद्धांजली’ नावाने सैगल, पंकज मलिक, रफी, मुकेश, हेमंतकुमार, किशोरकुमार यांची गाणी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. ज्यांची गाणी नवशिक्यांनी उचलायची, त्या शिखरावरच्या गायिकेने उतारवयात दुसऱ्यांची गाणी गावीत, हे पाहून तेव्हा पुष्कळांना नवल वाटले. पुरुषाच्या पट्टीतले गाणे बाईच्या पट्टीत आणताना गाण्याचा स्वभावच बदलतो. सैगलांच्या आवाजातले जडशीळ दुःख लताबाईंकडे येताना पातळ, पारदर्शक झाले. काहींना ते रुचले नाही. मला त्यात ऋण फेडण्याची नम्रता दिसते. खंडव्याच्या मुलाने सैगलांची सावली टाकली होती. इंदुरात जन्मलेल्या मुलीने त्या मुलाचे आणि सैगलांचे गाणे एकाच ओंजळीत धरले.

चौथे नाव आनंद भाटे. लहानपणी गंधर्वांची पदे गाऊन ‘आनंद गंधर्व’ म्हणून नावाजलेला हा मुलगा पुढे भीमसेन जोशींकडे शिकला. २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटातील गायनासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाच्या गरजेप्रमाणे इथे गंधर्वांच्या आवाजाचा भास हवा होता, आणि तो भास निर्माण करणेही सोपे काम नव्हे. पण त्याच माणसाच्या मैफलीत तीच पदे ऐकली, की भीमसेनजींची तालीम डोकावते. पडद्यावरचे गाणे आणि मैफलीतले गाणे यांत जे अंतर पडते, तेच भूमिका वठवणे आणि उमजून गाणे यांतले अंतर.

आमच्या इंदूरचे अमीर खाँ यांनी तर असे पुनर्गायन घराण्याच्या पायरीवर नेले. वडील शाहमीर खाँ होळकर दरबारी सारंगिये. अब्दुल वहीद खाँ यांची संथ विलंबित बढत, अमान अली खाँ यांची सरगम आणि देवासच्या रजब अली खाँ यांची तान, या तिन्ही गोष्टी त्यांनी ऐकून, घोटून आपल्याशा केल्या. १९७४ साली त्यांचा अपघाती मृत्यू झाला तेव्हा या मिश्रणाला लोक ‘इंदूर घराणे’ म्हणत होते.

कबीर, रेवा आणि लाकडी गिटार

माळव्याच्या गावागावांत कबीराची पदे रात्र रात्र चालतात. लुनियाखेडीचे प्रल्हादसिंह टिपानिया हे पेशाने शाळामास्तर. तंबुरा, करताल, ढोलकीच्या साथीने त्यांनी ही पदे देशभर आणि परदेशातही नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कुमारजींची निर्गुणी भजने आणि टिपानियांची मंडळी, दोघांचा उगम एकच असलेली ही लोकपरंपरा आहे. एकाकडे दोन तानपुऱ्यांमधली पोकळी आहे, दुसऱ्याकडे ओट्यावर बसलेल्या माणसांशी चाललेला संवाद. कोणते ‘मूळ’ आणि कोणते ‘कव्हर’, हा प्रश्न इथे विचारताच येत नाही. कबीराची तबकडी कोणाकडेच नाही.

आमची नर्मदाही अशीच गाण्यातून फिरते. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या मंडळींनी २००० साली काढलेल्या ‘कंदिसा’ या संग्रहात ‘मा रेवा’ आहे. त्यांच्यातले राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात वावरलेले, आणि ते गाणे त्यांनी नर्मदेच्या खोऱ्यातल्या लोकगीतावरून उचललेले. नदीकाठचे गाणे रॉक बँडच्या गिटारीवर आले आणि शहरातल्या कॉलेजकुमारांना नर्मदेचे नाव गाण्यातून कळले.

पाश्चात्त्य मुलखातही चांगल्या पुनर्गायनाचा न्याय वेगळा नाही. बॉब डिलन यांचे एक गाणे जिमी हेंड्रिक्स यांनी १९६८ साली विजेच्या गिटारीवर असे काही वाजवले-गायले, की पुढे स्वतः डिलनच ते हेंड्रिक्सच्या वळणाने गाऊ लागले. अमेरिकेत १९८९ पासून ‘अनप्लग्ड’ नावाचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला. कानठळ्या बसवणाऱ्या ‘निर्वाणा’ या मंडळींनी १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी गायन केले. चौदा गाण्यांपैकी सहा त्यांनी दुसऱ्यांची निवडली, आणि शेवटचे गाणे त्यांनी लेडबेली या जुन्या कृष्णवर्णी गायकाच्या वळणाने गायले. गोंगाट काढून टाकल्यावर गाण्यात काही उरते की नाही, हे तिथे कळले. पुढल्याच एप्रिलमध्ये त्यांचा गायक कर्ट कोबेन गेला, आणि संग्रह निघाला तो त्यानंतर, नोव्हेंबर १९९४ मध्ये. आमच्या जुन्या नाट्यगृहांत ही परीक्षा रोज होत असे, एवढेच मी वर सांगितले.

कायदा, कराओके आणि आपली घरे

ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि जुनी चित्रपटगीते नव्या गळ्यांत, अर्ध्या किमतीत, पानपट्टीच्या टपरीवरसुद्धा मिळू लागली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशा ‘व्हर्शन’ध्वनिमुद्रणाला वाट होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती वाट अरुंद केली. आता मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे थांबावे लागते, वेष्टनावर हे ‘कव्हर’ आहे असे स्पष्ट छापावे लागते, आणि मालकाच्या संमतीवाचून शब्दांत वा संगीतात बदल करता येत नाही. पहिल्या दोन अटी रास्तच आहेत. छापण्याची अट तर आपल्या नाट्यपुस्तकांतल्या ‘चाल’ या शब्दाचीच धाकटी बहीण. तिसरी अट मालकाच्या हक्कासाठी आवश्यक असेल, पण तिच्यात एक गंमत आहे. कायदा म्हणतो, बदलू नका. गाण्याचा इतिहास म्हणतो, बदलले नाही तर गाणे वाळून जाते. भास्करबुवांच्या काळी ही अट असती, तर ‘स्वयंवर’ झाले असते का?

शाळेच्या स्नेहसंमेलनात आता मुले कराओकेवर गातात. यंत्रात वाद्यमेळ तयार असतो, लय ठरलेली, पट्टी ठरलेली. मुलाने फक्त मूळ गायकाच्या जागेवर आपला आवाज बसवायचा. जितका तंतोतंत बसेल तितक्या टाळ्या अधिक. मुलांचा दोष नाही. आपणच त्यांना तंतोतंतपणाचे बक्षीस देत आलो आहोत, गाण्यातही आणि उत्तरपत्रिकेतही.

पण या साऱ्याचा खरा संबंध आपल्या घरांशी आहे. महाराष्ट्राबाहेरच्या किंवा सीमेवरच्या मराठी घरात वारसा बहुधा तबकडीसारखा सांभाळला जातो. आजोबा जसे बोलत, आजी जशी ओवी म्हणत, गणपतीत जे पद म्हटले जाई, ते बरहुकूम राहिले पाहिजे, असा आपला आग्रह असतो. त्या आग्रहामागचे भय मी जाणतो. बाहेर दुसऱ्या भाषेचा समुद्र आहे, इथे एक अक्षर निसटले तर सगळेच वाहून जाईल, असे वाटते. परिणाम मात्र उलटा होतो. नातवंडे सणापुरती नक्कल करतात, आणि सण संपला की त्यांच्या खऱ्या आयुष्यातली गाणी निराळ्या भाषेत सुरू होतात. इंदुरात भा. रा. तांबे यांच्यासारखा कवी वावरला. हिंदी मुलखात जन्म काढून त्यांनी मराठीला जी गेयता दिली, तिच्यात या मुलखाच्या हवेचाही वाटा आहे. त्यांच्या कविता लताबाईंनी गायल्या, आणि कुमारजींनी ‘तांबे गीत रजनी’ हा कार्यक्रम केला. एका कवीला दोघांचे गळे लाभले आणि दोन्ही वेळा कविता नवी वाटली.

या दिवाळीच्या सुट्टीत वाचकांनी एक प्रयोग करून पाहावा, अशी मुख्याध्यापकी सूचना करतो. बालगंधर्वांचे एखादे पद त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेवरून मुलांना ऐकवावे. खरखर असेल, असू द्यावी. लगेच कुमारांच्या आवाजातले गंधर्व ऐकवावेत. काय निराळे वाटले, एवढेच विचारावे, आणि उत्तर कानडीत आले, हिंदीत आले, तरी ऐकून घ्यावे. मग एखाद्याने ते पद गायला घेतले आणि त्याच्या मराठीला शेजारच्या भाषेचा वास लागलेला असला, तर त्याला मधेच थांबवू नये. सुळेभावीच्या त्या मुलाचे मराठीही घरचे नव्हते.